गंजकी जुनी मसल कार आधी रंगवावी की आधी चालवावी?

मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची ती जुनी अमेरिकन गाडी, आधी चालती करा, रंगाचं पुढे बघता येईल. पूर्ण रिस्टोअर करायला म्हणून सुटी केलेली गाडी बरेचदा खोक्यांतच राहते, आणि चकाचक झालीच तर ओरखड्याच्या भीतीने बाहेर निघत नाही. रंगाचे पोपडे निघालेल्या प्लिमथ डस्टरला किंवा शेव्ही नोव्हाला ती भीती नाही. पावसात न्या, सुपरमार्केटसमोर बिनधास्त उभी करा. शिवाय १९७० च्या आसपासची ही व्ही-८ इंजिनं साधी: हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, प्लगना ठिणगी वाटणारा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, कॉम्प्युटर नाही. कॉम्प्रेशन, ठिणगी आणि पेट्रोल जुळलं की बोलायला लागतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला मात्र थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवून बघा, टाकीतलं खराब झालेलं पेट्रोल काढून टाका. इंजिन धडधडलं की लगेच फेरी मारायचा मोह होतो (सगळ्यांनाच होतो), पण त्याआधी ब्रेकचे रबरी होज, व्हील सिलिंडर आणि टायर नवे घाला. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

एक अट आहे: गंज वरच्या पत्र्यापुरता हवा. डस्टर, डार्टसारख्या गाड्यांना वेगळी चेसी नसते. मागचे पाटे किंवा पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर आत घुसत असेल, तर आधी वेल्डर गाठा.