अर्ज वाचला जावा म्हणून

प्रश्न : रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कंपन्यांकडे मी अनेक अर्ज पाठवले. एकाही ठिकाणाहून बोलावणे आले नाही. काय चुकत असावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण पाठवलेली अर्जाची प्रत पाहता, सर्वत्र एकच मजकूर गेलेला दिसतो. जाहिरातीत एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे) यंत्र हाताळण्याचा अनुभव मागितला असेल, तर ते आपण कोणत्या चाचण्यांसाठी आणि किती काळ वापरले, हे पहिल्या पानावर वरच्या भागातच, जाहिरातीतील शब्दांत लिहावे. कारण छाननी करणारे कर्मचारी, आणि काही ठिकाणी संगणकप्रणालीही, तेच शब्द शोधत असतात. धर्म, छंद, वडिलांचा व्यवसाय हा तपशील (स्थळ पाहताना तो ठीक) वगळावा. ईमेलच्या विषयात पदाचे नाव हवेच. गोवा शासनाच्या पदांचे निकष वेगळे आहेत. तेथे साधारणपणे १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते.