आधी केस पेपर, मग फ्रेम

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलंस, "ताई, आपल्या गावाला ‘सेफ कम्युनिटी’चं प्रमाणपत्र मिळेल का?" मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न हसण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

‘सेफ कम्युनिटी’, म्हणजे गावाने मिळून अपघात आणि जखमा कमी करायच्या, हा सगळा प्रकार स्वीडनमध्ये सुरू झाला, आणि तेव्हा प्रमाणपत्र नावाची गोष्टच नव्हती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फाल्शोपिंग नावाच्या लहानशा गावात दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जखमीला विचारून लिहून ठेवायला लागले: कुठे लागलं, काय करताना लागलं, कशामुळे. त्या नोंदी बघून घरात, कारखान्यात, रस्त्यावर काय बदलायचं ते ठरलं. काही वर्षांत जखमींचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने उतरलं. मग 1989 मध्ये स्टॉकहोमला जागतिक परिषद भरली, जाहीरनामा निघाला, आणि त्याच भागातलं लिडशोपिंग जगातलं पहिलं अधिकृत ‘सुरक्षित गाव’ ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेचं नाव पाठीशी असल्यामुळे हे लोण भराभर पसरलं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इराण, तैवान, व्हिएतनाम; 2002 मध्ये कोरियातलं सुवॉन, 2008 मध्ये जपानमधलं कामेओका.

एवढी माहिती तुझ्या सादरीकरणात असणारच. पण फाल्शोपिंगचं पुढे काय झालं हे त्यात बहुधा नसेल. तिथला समन्वय ढिला पडला आणि जखमींचे आकडे पुन्हा चढले. ज्या गावाकडून जग शिकलं, त्याच गावात! मला ही गोष्ट यशाच्या गोष्टीपेक्षा जास्त कामाची वाटते.

2009 मध्ये या गावांच्या मूल्यमापनांचा एक मोठा आढावा निघाला. नीट तुलना करता येतील अशी गावं जगभरातून अवघी 21 सापडली, तीही पाचच देशांतली. काही ठिकाणी जखमा कमी झाल्या होत्या, काही ठिकाणी नाही. प्रमाणपत्र आहे म्हणजे जखमा कमी, असं सरसकट म्हणता आलं नाही. याचा अर्थ सगळं थोतांड आहे असा घेऊ नकोस. मोजणारा माणूसच नसेल तर काम चाललंय की बुडलंय, हे सांगायचं कुणी?

उलट नॉर्वेच्या उत्तरेकडचं हार्स्टा बघ. तिथल्या एका सर्जनने इस्पितळातल्या नोंदींवरून पाहिलं की लहान मुलं घरातच भाजतात: शेगडीवरचं भांडं ओढतात, नळाचं पाणी फार गरम असतं. मग शेगडीला पुढून कठडा लावा, पाण्याचं तापमान उतरवा, हे आयांपर्यंत पोचवलं. गावातलेच आकडे गावाच्याच वर्तमानपत्रात छापून आणले. मुलांचं भाजणं निम्म्याहून जास्त घटलं. तुलनेसाठी घेतलेल्या नॉर्वेतल्याच ट्रोन्हाइम शहरात ते वाढलं होतं.

आता आपल्याकडचं ऐक. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत मी आठवडाभर बसले होते. केस पेपरवर काय लिहिलेलं? "पडून मार." "भाजले." "आरटीए", म्हणजे रस्ता-अपघात. बस. एका तीन वर्षांच्या पोराची पाठ सोललेली, कागदावर एकच शब्द. सिस्टरला विचारलं, तर ती पट्टी बांधता बांधता म्हणाली, "बादली हो. आधी उकळतं पाणी ओततात न्हाणीत, मग गार आणायला जातात." तिला सगळं ठाऊक होतं. कागदाला नव्हतं. त्याच इमारतीच्या दारात सुरक्षेचं एक प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं आणि त्याखालच्या अग्निशामक नळकांड्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. मी तेव्हा काही बोलले नाही, ते अजून खटकतं.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी त्या केस पेपरवर दोन ओळी वाढव: कुठे, आणि काय करताना. वेगळं अ‍ॅप नको, वेगळा फॉर्म तर मुळीच नको. सिस्टरला आधीच पाच रजिस्टरं भरायची असतात.

दुसरी अडचण पैशाची, म्हणजे खरं तर माणसाची. प्रकल्पाच्या पैशातून आलेला समन्वयक प्रकल्पाबरोबर जातो. नगराध्यक्ष उत्साही असला तर त्याची मुदत संपेपर्यंत चालतं. या कामासाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ हवी, मग ती अर्ध्या पगाराची का असेना. या प्रमाणपत्रात मला एकच गोष्ट मनापासून आवडते: दर पाच वर्षांनी ते पुन्हा मिळवावं लागतं. पहिल्या वेळी बँड वाजतो, दुसऱ्या वेळी कुणीतरी जुन्या वह्या मागतो. तेव्हा त्या दाखवता यायला हव्यात.

प्रमाणपत्रावरचा शिक्काही कायम राहील असं समजू नकोस. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतलं केंद्र वर्षानुवर्षं जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने हे काम बघायचं. नंतर ते एका स्वतंत्र प्रमाणन संस्थेकडे गेलं. ज्यांची मदार फक्त लेटरहेडवरच्या चिन्हावर होती, त्यांची पंचाईत झाली असणार.

सोमवारी सकाळी रुग्णालयात जा. डॉक्टरांची परवानगी घे, पण बस सिस्टरजवळ. रुग्णांची नावं उतरवू नकोस. वय, जागा आणि काय करताना लागलं एवढंच. आठवडाभराचं घेऊन रविवारी घरी ये. चहा मी करीन, आकडे तू वाच.

तुझी,
ताई