गच्चीवरून विचारलेलं: न लुकलुकणारा दिवा

प्रश्न : काका, डिसेंबरातली गोष्ट. साडेसातची मालिका लागायला दहा-बारा मिनिटं होती म्हणून पटकन गच्चीवर कपडे काढायला गेले. खाडीच्या बाजूने, जरा डावीकडून, एक पांढरा दिवा वर चढत आला. आवाज नाही, लुकलुक नाही. डोक्यावर येईपर्यंत शुक्राइतका ठळक झाला, पारसिकच्या डोंगराकडे थोडा सरकला आणि भर आकाशात विझला. ढग नव्हता. चादर हातात तशीच राहिली. मुलगा म्हणतो उडती तबकडी, सासूबाई म्हणतात कुणाचा तरी जीव गेला. खरं काय?
— एक गृहिणी, ऐरोली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावर मी बेहद्द खूश आहे. मालिकेवरून का होईना, तुम्ही वेळ सांगितलीत, दिशा सांगितलीत. मी जन्मभर लोकल चालवली. आमच्यात 'संध्याकाळच्या सुमारास' असं कुणी लिहीत नाही, 7.18 म्हणजे 7.18. तारीख तेवढी लिहायची राहिली. ती असती तर खात्री करून घेता आली असती. तोवर माझा कौल आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळवीरांच्या घराला.

त्याला स्वतःचा दिवा नाही. संध्याकाळी खाली रस्त्यावर अंधारून आलेलं असतं, तरी पंचविसाव्या मजल्याच्या काचा उन्हात चमकत असतात, बघितलंत ना? तसंच हे. स्थानक साधारण 400 किलोमीटर वर आहे. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिथे ऊन असतं. पण पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत असते. स्थानक पूर्वेकडे सरकत त्या सावलीत शिरलं की विझलं. नीट बघितलंत तर चटकन बटण बंद केल्यासारखं नाही, काही सेकंदांत तांबूस होत मावळतं. म्हणून हे दर्शन सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास किंवा पहाटेचे. ऐन मध्यरात्री ते आपल्या डोक्यावरून गेलं तरी सावलीतच असतं, दिसत नाही.

वेग म्हणाल तर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. ठाणे ते सीएसएमटी 34 किलोमीटर, मला फास्ट गाडीला पाऊण तास लागायचा. याला साडेचार सेकंद! पृथ्वीची फेरी जेमतेम दीड तासात.

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गच्चीवर वीस-बावीस माणसं जमवली. वेळ 7.21, मोबाइलवरच्या यादीतून काढलेली. 7.19 ला कळव्याच्या बाजूला भलामोठा दिवा उगवला. 'आलं बघा!' मी ओरडलो, टाळ्या पडल्या. दिवा जागचा हलेना. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं, मग त्याला एक लाल आणि एक हिरवा डोळा फुटला आणि घरघर ऐकू आली. पुढचे दिवे लावून थेट आपल्याकडे येणारं विमान बराच वेळ ताऱ्यासारखं उभंच दिसतं. चाळीस वर्षं लाल-हिरव्यावर पोट भरलेला माणूस मी, आणि तेच ओळखायला इतका उशीर! विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा; समोरून येत असेल तर लाल आपल्या उजव्या हाताला येतो.

लोक हसत जिना उतरायला लागले, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची नात म्हणाली, "आजोबा, मागून येतोय तो कोण?" मागे येऊरवरून, वायव्येकडून, आपलं स्थानक शांतपणे येत होतं. यादीत दिशा लिहिलेली होती, मी फक्त वेळ वाचली होती. हे स्थानक पूर्वेकडून पश्चिमेला कधीच जात नाही. एवढं जरी लक्षात असतं तरी टाळ्या वाचल्या असत्या.

(आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे राहायला होते ते 2025 चे जून-जुलैचे दिवस. आमचं ठाणं त्या वेळी छत्रीखाली. आपला माणूस डोक्यावरून जातोय आणि वर नुसता काळा ढग. अजून चुटपुट लागते.)

सासूबाईंना सांगा, जीव गेलेला नाही. उलट त्या दिव्यात माणसं जिवंत असतात, आणि 2000 च्या नोव्हेंबरपासून ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

प्रश्न : पहाटे घोडबंदर रोडवर दिव्यांची आगगाडीच आकाशातून जाताना दिसली. चंद्रपूरला पडलं तसं हे आपल्यावर पडेल का?
— रिक्षाचालक, कासारवडवली

उत्तर : आगगाडी म्हणालात, बरं वाटलं. ते स्टारलिंकचे, म्हणजे आकाशातून इंटरनेट पुरवणारे उपग्रह. मे 2019 मध्ये पहिले 60 एकदम सोडले, तेव्हापासून तुकड्या जातच आहेत. सोडल्यावर पहिले काही दिवस डब्याला डबा लावल्यासारखे एका रुळावर दिसतात; पुढे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढले की पांगतात आणि फिके होतात.

चंद्रपूरचं वेगळं. 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी विदर्भात जे जळत जाताना दिसलं ते चिनी रॉकेटचे अवशेष मानले जातात. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. असं जळणारं तांबडं-पिवळं असतं, मागे शेपट्या असतात, वाटेत तुकडे पडतात. तुम्ही पाहिलेले ठिपके पांढरे, सारखे आणि शिस्तीत होते ना? मग बिनघोर मीटर टाका.

प्रश्न : बाल्कनीतून दिसणारा एक तारा रोज थोडा इकडे-तिकडे हलतो. ड्रोन असेल का?
— निवृत्त कारकून, नेरूळ

उत्तर : अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलतोय असा भास होतो, हलतो तो आपला डोळा. ग्रिलला डोकं टेकवा, तारा एका गजाच्या कडेला लावा आणि पाच मिनिटं थांबा. बहुतेक सगळे तारे हळूहळू पश्चिमेला सरकतात, तेवढं सरकणं दिसेल. पण गज सोडून तो परत आला, तर मात्र मला वेळ, तारीख आणि दिशा लिहून पाठवा.