मॉलिब्डेनम-सोन्याच्या फिल्मचा टीसी दर बॅचला हलतोय? सोन्याची जाडी शेवटी बघा

तुमचं म्हणणं असं की मॉलिब्डेनमवर सोन्याचा थर दिलेल्या फिल्मला १०० मिलिकेल्विनचा टीसी (ज्या तापमानाखाली फिल्म सुपरकंडक्टर होते ते) हवाय, रेसिपी तीच ठेवली तरी प्रत्येक बॅचला वेगळाच येतो, मग सोनं अजून किती वाढवायचं. माझं मत, सोन्याला आत्ता हातच लावू नका.

नुसत्या मॉलिब्डेनमचा टीसी साधारण ०.९२ केल्विन, त्यावर सोनं बसवलं की कूपर जोड्या (सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) सोन्यात झिरपतात आणि टीसी खाली येतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पण किती झिरपतात हे जाडीइतकंच दोन थरांमधल्या इंटरफेसवर, म्हणजे ते जिथे चिकटतात त्या पृष्ठभागावर ठरतं, आणि तुमची गडबड बहुतेक तिथेच आहे. मॉलिब्डेनम टाकून वेफर बाहेर काढला, मग दुसऱ्या मशीनमध्ये सोनं टाकलं असं करत असाल तर मधे ऑक्साईड येणारच, तो दर वेळी सारखा कसा येईल? व्हॅक्यूम न तोडता दोन्ही थर एकामागोमाग टाका. ते जमतच नसेल तर सोन्याच्या आधी आयन मिलिंग करा (आयनांचा मारा करून वरचा ऑक्साईड खरवडा), पण मग त्याचाही वेळ आणि पॉवर पक्की ठेवावी लागते, म्हणजे अजून एक डोकेदुखी.

दुसरं, प्रत्येक रनला एक तुकडा नुसत्या मॉलिब्डेनमचा ठेवा आणि त्याचा टीसी वेगळा मोजा. स्पटरिंगचं (म्हणजे फिल्म टाकतानाचं) आर्गॉन प्रेशर थोडं सरकलं तरी फिल्ममधला स्ट्रेस बदलतो आणि त्याबरोबर टीसीही. तो तुकडाच हलत असेल तर वरचं सोनं काय करणार बिचारं!

मोजणीचंही बघा हां. चार वायरने, करंट जमेल तितका कमी, कारण करंट वाढला की ट्रान्झिशन (फिल्म सुपरकंडक्टर होण्याचा टप्पा) खालच्या तापमानाला सरकतं आणि शिवाय पसरट दिसतं. तापमान चढवताना एक कर्व्ह घ्या, उतरवताना एक. दोन्ही एकमेकांवर बसत नसतील तर थर्मामीटर आणि सॅम्पल एका तापमानाला नाहीत, तापमान हळू बदला, सॅम्पल नीट चिकटवा, त्याआधी फिल्मला दोष देऊ नका.

हे सगळं स्थिर झालं की मग मॉलिब्डेनम तेवढंच ठेवून सोन्याच्या तीन-चार जाड्यांची सिरीज काढा, कर्व्ह आपोआप मिळेल. नंतरच्या स्टेप्समध्ये रेझिस्ट (नक्षी उठवायचा लेप) किती तापवता तेही लिहून ठेवा, उष्णतेने टीसी सरकू शकतो. आणि छोट्या डिव्हाईसला नायोबियमच्या लीड्स (जोडणीच्या पट्ट्या) असतील तर त्यांच्या बाजूने टीसी वर ओढला जातो (नायोबियमचा ९.२ केल्विन आहे शेवटी), त्यामुळे मोठ्या टेस्ट तुकड्यावरचा आकडा डिव्हाईसवर जसाच्या तसा येईल असं धरू नका.

या दोन थरांच्या फिल्मचा (बायलेअरचा) कंटाळाच आला असेल तर मँगनीज मिसळलेलं ॲल्युमिनियम बघा, एकच थर, इंटरफेसची कटकट नाही, मँगनीजच्या प्रमाणाने ढोबळ आणि बेकिंगने बारीक ट्यूनिंग होतं. कॉस्मिक मायक्रोवेव्हच्या डिटेक्टरवाल्यांनी ते वापरलंय. फक्त टार्गेट (स्पटरिंगसाठी वापरायचा धातूचा तुकडा) बदललं की सगळं कॅलिब्रेशन पुन्हा करायची तयारी ठेवा.