स्पर्धा समाजासाठी चांगली असते की वाईट?

तुम्ही विचारलंय की स्पर्धा नसती तर माणूस आळशी झाला असता, मग लोक तिला नावं का ठेवतात. मी ठेवतो.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची केळी. वडील आणि काका वेगळे निघाले तेव्हा वावराचे दोन तुकडे झाले, विहीर मात्र सामायिक राहिली. 90 फूट खोल, आठ-आठ दिवसांची पाळी. मग काकांनी आपल्या तुकड्यात 250 फुटांचा बोअर घेतला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात विहीर आटली. वडिलांनी 400 फूट नेला.

तेव्हा मी दहावीत होतो. मशीन रात्रभर चाललं. आधी पिवळा चिखल, मग चिकणमाती, मग परत पिवळा चिखल. साडेतीनशेच्या पुढे वडील दर पाइपाला वाकून मूठभर गाळ उचलायचे आणि बोटांत चोळून बघायचे. शेवटी वाळू लागली. आमच्या गाळाच्या जमिनीत वाळू लागली म्हणजे पाणी लागलं. त्यांनी ती ओली वाळू माझ्या तळहातावर ठेवली. मागे आई उभी होती, तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. बांधापलीकडे काका खाटेवर बसून बघत होते. सख्खा भाऊ, पण उठून आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी 550 नेला.

तीन उन्हाळे चालला तो बोअर. मग ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी, मोटार हवा ओढायला लागली आणि काकांची बाग उभी वाळली. आमचा त्याआधीच गेला होता.

2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायलाच बंदी आहे. आमच्या शिवारात तेवढ्यावर आता ओलही लागत नाही. यावल आणि रावेर हे दोन्ही तालुके पाण्याचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारदरबारी नोंदलेले आहेत. ठिबकनं पाणी वाचलं, तर वाचलेल्या पाण्यावर दोघांनीही केळी वाढवली. एकानं वाढवली की दुसऱ्याला राहवत नव्हतं.

सगळीच चढाओढ वाईट असं मी म्हणत नाही. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, रोपं अशीच पसरली. कंदाच्या बागेला अठरा महिने लागायचे, एकानं अकरा-बारा महिन्यांत घड कापले, ते बघून शेजाऱ्यानं रोपं लावली. त्यात पहिल्याचं काही गेलं नाही. बांधावर तीन व्यापारी आले तर भाव नीट मिळतो, एकटाच आला तर पाडून मागतो. ती स्पर्धा हवीच. पण जमिनीखालचं पाणी दोघांचं एकच आहे. तिथं तुम्ही जिंकलात म्हणजे शेजाऱ्याच्या हौदातलं उपसलंत.

चुलतभाऊ एका लग्नात चार लोकांसमोर मला म्हणाला, 'तुमच्यात दम नव्हता, म्हणून तुम्ही थांबले.' दादा, दम होता. कर्जही मिळत होतं. आम्ही दोन एकर केळी मोडून हरभरा लावला, कारण आणखी खाली गेलो असतो तर तुझा बोअर आटला असता आणि तू आणखी खाली गेला असतास. त्याला हार म्हणायचं असेल तर म्हण. आणि हो, वडिलांनीही 400 फूट खोदलंच होतं, दोष एकट्या काकांचा नाही, हे मी मान्य करतो.

आता दादा 700 फुटांचं बोलतोय. दुसरीकडे म्हणतो, 10 मे 2025 ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या योजनेचा, करार झाला, पाणी वर येईलच. येईल तेव्हा येईल. ती जुनी सामायिक विहीर अजून आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून तिच्यात सोडायचं, चर खणायचा निम्मा खर्च माझा, असं मी त्याला दोनदा सांगितलंय. अजून त्याचा होकार आलेला नाही.