ती बदलली नाही तर?

प्रिय बाळा,

सलाम. रविवारी उपासना संपल्यावर गेटपाशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. मागून सगळे चहाला बोलवत होते आणि तुझे डोळे भरून आले होते, अशा वेळी घाईघाईत दोन वचनं सांगून तुला वाटेला लावणं मला पटलं नाही, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. लांबेल, बसमध्ये बसल्यावर निवांत वाच.

तू म्हणालीस, काकू, वाकडच्या फ्लॅटमधल्या त्या मुलीसाठी मी काय नाही केलं, डेंग्यू झाला तेव्हा रात्र रात्र जागले, दोन महिन्यांचं भाडं भरलं, आणि तीच बाकीच्यांना सांगते की ही चर्चवाली आहे ना, हिला पुण्य कमवायचंय. अजून किती प्रेम करू?

तुला लागलं ते बरोबरच आहे गं. लागूच नये असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता माझं सांगते. माझे धाकटे दीर आमच्याकडे नऊ वर्षं राहिले. दारूपायी नोकरी गेली, बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, मग आमच्याशिवाय होतं कोण. मी तेव्हा नाईट करायचे, सकाळी साताला वॉर्डातून सुटून घरी यायचे आणि आधी भावजींना गरम पोळी करून वाढायचे, नंतर झोपायचे. प्रार्थना गटात सगळ्यांना माहीत होतं, सगळे म्हणायचे किती करतेस तू, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं, हे पण तुला खरं सांगायला हवं. व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना ठेवलं, फॅमिली मीटिंगला न चुकता गेले, बाहेर आल्यावर चार महिने इतके छान गेले की मी उपासनेत उभी राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आणि गणपतीत परत सुरू. त्या रात्री मी त्यांच्यावर जी ओरडले ना, वाड्यातले शेजारी बाहेर आले. एकेक मोजून काढलं, औषधं, केंद्राची फी, माझी झोप, सगळं. ते भिंतीला टेकून बसले होते, ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, किती झाले ते सांगा, पगार झाला की देतो."

तेव्हा त्यांना ना नोकरी होती ना पगार. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं, कारण त्यांना कळलं होतं की मी नऊ वर्षं वही लिहितेय, फक्त मलाच ते कळलं नव्हतं. मला वाटायचं मी काहीच मागत नाहीये. पैसे नकोत, थँक्यू नको. पण एक अट होतीच, की माझ्या प्रेमाने तू सुधारायचंस. ही अट सगळ्यात चांगली दिसते, म्हणून ती शेवटपर्यंत सापडत नाही. तुझी पण तीच आहे का ते बघ. ती मुलगी उद्या सॉरी म्हणाली नाही, चर्चला आली नाही, अगदी तुझी निंदाही थांबवली नाही, तरी डेंग्यूतल्या त्या रात्री फुकट गेल्या असं तुला वाटेल का?

लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठव. दहाही बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, आणि तो पण शोमरोनी, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतला. येशूने विचारलं जरूर, बाकीचे नऊ कुठे आहेत म्हणून, म्हणजे त्याला लागलं असणारच, पण त्या नवांचा रोग परत आला असं कुठे लिहिलंय का? आणि मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस, त्याच्याबद्दल स्पष्ट लिहिलंय की येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली. मग त्याला सांगितलं की सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, तो खिन्न होऊन निघून गेला आणि येशूने त्याला जाऊ दिलं. मागे धावला नाही, बरं अर्धं विक असंही म्हणाला नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मार्क सांगत नाही, मी पूर्वी तिथे अडायचे, आता मला वाटतं प्रेम असंच अर्धवट सोडता आलं पाहिजे.

लग्नात वाचतात तो पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय तुला पाठ आहे, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. मराठीत तो प्रीतीच्या गुणांची यादी वाटतो आणि आपण स्वतःला तपासायला लागतो की माझ्यात हे आहे का, नाही, मग मी वाईट ख्रिस्ती. पाळकसाहेबांनी एकदा समजावलं होतं की मूळ ग्रीकमध्ये तिथे विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत. प्रीती सहन करते, प्रीती भलं करते. म्हणजे आतून उमाळा येईपर्यंत थांबायचं नसतं. तुला ती मुलगी आवडत नाही ना सध्या? नाही आवडली तरी चालेल, तिचं भलं करता येतं आणि तिच्याबद्दल वाईट बोलायचं थांबता येतं.

आता जे मला खूप उशिरा समजलं ते. आपलं गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च माहितीये ना, तिथे काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सच्या ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिकडे लंडनमध्ये फुलहॅमला त्यांनी एक आश्रयगृह बघितलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी सिस्टर्सनी चालवलेलं. तिथून सावरलेल्या काही जणी आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चक्रावल्या, त्यांनी विचारलं की तुम्ही या बायकांसाठी हे का करता. सिस्टरने उत्तर म्हणून योहानचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरची शोमरोनी बाई. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. पण विहिरीवर येशू सुरुवात कशाने करतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो आधी काही देत नाही. तो दमलाय, दुपारची वेळ आहे, तो तिला म्हणतो मला प्यायला दे. जिच्या हातचं पाणी कुणी यहुदी घेणार नाही तिच्याकडे तो मागतो! नऊ वर्षांत मी भावजींकडे एकदाही काही मागितलं नव्हतं. देणारी कायम मी आणि घेणारे कायम ते, मग माणूस किती लहान होतो आपल्याच घरात. तुझ्या त्या मैत्रिणीचं पुण्य कमवायचं वाक्य मला वाईट वाटलं, पण त्यात थोडं तथ्य असेल असंही वाटलं, रागावू नकोस. तू तिच्याकडून कधी काही घेतलंयस का? ती मेहंदी सुंदर काढते म्हणालीस ना, मग नाताळात संडे स्कूलच्या कार्यक्रमाचं डेकोरेशन तिला विचार, पण विचारायचं तर खरंच अडलंय म्हणून विचार, तिला चर्चमध्ये आणायची युक्ती म्हणून नाही. लोकांना वास येतो त्याचा.

आषाढात पालख्या येतात तेव्हा मी नाना पेठेत वारकऱ्यांना पाणी द्यायला उभी राहते, एका वर्षी आपल्यातल्याच एकाने विचारलं, पत्रकं वाटली का? मी म्हटलं, नाही, पाणी वाटलं. तहान लागलेल्याला पाणी देताना दुसऱ्या हातात काही लपवलेलं नसावं असं मला फार वाटतं. माझ्या विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर मी आनंदाने तासभर बोलेन, पण पाण्याच्या बदल्यात नाही.

आणि हो, भाडं. ते आता भरू नकोस. विनाअट म्हणजे ती म्हणेल ते करत राहणं असा अर्थ होत नाही, मी भावजींच्या हातात रोख पैसे कधीच दिले नाहीत आणि त्याचा मला एक दिवसही पस्तावा नाही. तिला तोंडावर, शांतपणे सांग की मागे बोललीस ते मला कळलं आणि मला लागलं. ती सुधारावी म्हणून सांगू नकोस, तुमच्यात खोटं राहू नये म्हणून सांग. राहणं अशक्यच झालं तर दुसरी रूम बघ, लांब राहूनही एखाद्यावर प्रीती करता येते, फक्त निघताना वही सोबत नेऊ नकोस. आणि रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना कर, तिला बदल अशी नको, तिला आज काय हवंय ते तिला मिळू दे अशी. ऑफिसमधलं टेन्शन असेल, आईचं दुखणं असेल. प्रार्थनेत तिच्याबद्दल काय बोलावं हे सुचत नसेल तर समज की तू तिला अजून नीट ओळखतच नाहीस.

दमशील. मी दमले होते. तेव्हा जबरदस्ती ओढत राहू नकोस, गप्प बसून घे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला असं पौल रोमकरांना लिहितो, आपण सुधारल्यावर नाही. मी पण कुणाच्यातरी अर्धवट राहिलेल्या वहीतलं नाव आहे, हे आठवलं की माझा भावजींवरचा राग निवतो, दर वेळी नाही, पण निवतो.

भावजी आता हडपसरला एका खोलीत वेगळे राहतात. दारू सुटलेली नाही, मधूनच बंद असते, मधूनच चालू. त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी आमचा मिक्सर बिघडला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना म्हटलं, भावजी, एवढा बघता का, ते पूर्वी वायंडिंगचं काम करायचे. दुपारभर खोलून बसले होते. तेव्हापासून घरातलं काही बिघडलं की फोन त्यांनाच जातो. दर बुधवारी मी त्यांना डबा पाठवते, आणि गेल्या आठवड्यात तो रिकामा आला नाही, आत त्यांच्या दारातल्या झाडाचा कढीपत्ता होता, धुऊन पुसून कागदात बांधलेला. आज बुधवारच आहे, मेथी निवडायची राहिलीय, म्हणून थांबते.

तुझी,
काकू