लेयर कोंबड्यांना प्रोबायोटिक दिल्याने अंड्याचं कवच सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की ५,००० लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) आहेत, वय ६२ आठवडे, ट्रेमागे दोन अंडी फुटकी निघतात आणि औषधवाला प्रोबायोटिक (आतड्यासाठीचे चांगले जीवाणू) घ्या म्हणतो. घ्यायला हरकत नाही, पण आधी कॅल्शियमसाठी घालता ते शिंपल्याचं पोतं उघडून बघा.

एका कवचात साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असतं. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, कॅल्शियम मात्र जवळपास तेवढंच राहतं, म्हणून कवच पातळ पसरतं. शिवाय कवच चढतं ते मुख्यतः रात्री, कोंबडी खात नसताना. चुनखडीची भुकटी तोवर आतड्यातून पुढे सरकलेली असते. २ ते ४ मिलिमीटरचे खडे पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर विरघळत राहतात. या वयाला खाद्यात कॅल्शियम ४ टक्क्यांच्या आसपास हवं आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा जाड खड्यांचा हवा. नुसत्या भुकटीवर चाललेल्या शेडमध्ये कुठलंही प्रोबायोटिक ही कसर भरून काढणार नाही.

उन्हाचंही तसंच. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवच पातळ होतं. तिथे टनाला २ किलो खाण्याचा सोडा (मीठ त्या हिशोबाने कमी करून) आणि गार पाणी जास्त उपयोगी. कवच सुरकुतलेलं आणि पांढरा बलक पाण्यासारखा असेल तर आयबीचा (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस या विषाणूजन्य रोगाचा) संशय घ्या, पशुवैद्यांना दाखवा.

मग प्रोबायोटिक करतं काय? आतड्यातली जागा आणि खाद्य चांगले जीवाणू अडवतात, काही आम्लं तयार होतात, अपायकारक जीवाणूंना वाव कमी मिळतो, खनिजं थोडी बरी शोषली जातात. विष्ठा बांधून येते, त्यामुळे घाण लागलेली अंडी कमी होतात. हा फरक सगळ्यात आधी दिसतो. कवचातला फरक असला तर थोडा असतो आणि यायला सहा-आठ आठवडे लागतात. पिवळ्या बलकाच्या रंगाची अपेक्षा ठेवू नका, तो मका आणि झेंडूच्या अर्काने येतो.

निवडताना बॅसिलस सबटिलिस किंवा तत्सम बीजाणू धरणारा जीवाणू बघा. लॅक्टोबॅसिलस पेलेट (दाबून केलेलं गोळी खाद्य) बनवतानाच्या उष्णतेत मरतो, गोदामातल्या उकाड्यातही टिकत नाही; बीजाणू दोन्ही सोसतात. पाकिटावर जीवाणूचं नाव, मुदत आणि ग्रॅममागे किती सीएफयू (जिवंत जीवाणूंची मोजणी) हे हवंच. ग्रॅमला १०० कोटी सीएफयूचा माल टनाला ५०० ग्रॅम टाकला तर किलो खाद्यात ५० कोटी पडतात. तोच माल ग्रॅमला १० कोटीचा असेल तर टनाला ५ किलो लागेल. भाव किलोचा नको, सीएफयूचा काढा. तुमच्या पक्ष्यांना दिवसाला सुमारे ५५० किलो खाद्य लागतं, म्हणजे पहिल्या मालाचा खर्च दिवसाला २७५ ग्रॅम.

५०० ग्रॅम पावडर थेट मिक्सरमध्ये ओतली की एका पोत्यात ढीग आणि दहा पोत्यांत काहीच नाही, असं होतं. आधी ती १० किलो मका भरड्यात हाताने मिसळा, मग मिक्सरमध्ये टाका. कोलीन क्लोराइड आणि खनिज मिश्रणाबरोबर आधीच कालवून ठेवू नका. कोलीन ओल धरतं. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना देणं म्हणजे पैसे पाण्यात. पाण्यातून द्यायचं प्रोबायोटिक असेल तर त्या वेळी क्लोरीन बंद ठेवा.

ताकाबद्दल विचारलंत. परसातल्या दहा-बारा कोंबड्यांना थोडं ताजं ताक चालतं. शेडमध्ये नको: दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, विष्ठा उलट पातळ होते, आणि निपल लाइनमध्ये (पाणी पाजायच्या नळीत) बुळबुळीत थर बसतो.

सुरुवातीला अर्ध्याच रांगांना द्या, बाकीच्यांना तेच खाद्य प्रोबायोटिकविना. त्याआधी दोन आठवडे दोन्हीकडची फुटकी अंडी रोज मोजून लिहा. कवच तपासायला हायड्रोमीटरने १.०८० घनतेचं मिठाचं पाणी करा आणि दर आठवड्याला दोन्हीकडची ५०-५० अंडी त्यात सोडा. तरंगतात ती पातळ कवचाची. अंडी त्याच दिवसाची, त्याच वेळी गोळा केलेली हवीत. शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढते आणि चांगल्या कवचाचं अंडंही तरंगतं.